चौदाव्या पानावरचा पक्षी

पान चौदावर उल्कावीराच्या डाव्या खांद्यावर तो पक्षी बसला होता, आणि तो पेन्सिलीत काढलेला होता. मी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला. पक्षी पेन्सिलीतच होता. मऊ शिशाच्या रेघा, पंखाखाली बोटाने पसरवलेली सावली आणि डोळ्याच्या जागी सोडलेला मोहरीएवढा पांढरा ठिपका. दुकानात शुक्रवारची गर्दी होती. चित्रकथांचे नवीन अंक शुक्रवारी येतात म्हणून कामावरून परस्पर आलेली मोठी माणसं, टक्कल पडलेली, पोटं सुटलेली, एकेका अंकाच्या दोन दोन प्रती उचलत होती, एक वाचायला आणि एक न वाचता, मागे पुठ्ठा घालून, प्लास्टिकच्या पिशवीत मरेपर्यंत जपायला. त्यातल्या एकाने मला बजावलं की पानांचे कोपरे दुमडू नका, इतरांनाही घ्यायचं असतं. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हा पक्षी पेन्सिलीत असूच शकत नव्हता, कारण तो कधी कोणी काढलेलाच नव्हता.

हे आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं, आणि सांगताना दर वेळी माझं टाळकं सरकतं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पेन्सिल करायचा आणि मी शाई. जाड कागदावर तो उल्कावीराच्या उड्या, कोसळणाऱ्या इमारती, किंचाळणाऱ्या बायका पेन्सिलीने काढायचा. ते कागद माझ्याकडे यायचे. मी टाकाने आणि ब्रशने त्यावर शाई चढवायची, शाई वाळली की खोडरबर घेऊन खालची पेन्सिल पुसायची आणि कागद परस्पर छापखान्यात द्यायचा. छापखान्याला पेन्सिल चालत नाही, काळं म्हणजे काळंच लागतं. एकवीस वर्षं मी माझ्या भावाची चित्रं अशी पुसली आणि त्यावर पोट भरलं. लोक विचारायचे, म्हणजे तुम्ही नुसतं गिरवता? आधी आधी मी समजावत बसायचो, की केसांच्या जागी दादाने नुसता ढग काढलेला असतो आणि केस मी काढतो, गर्दीच्या जागी तो दहा अंडी काढतो आणि त्या अंड्यांना नाकडोळे मी लावतो. नंतर कंटाळून म्हणायला लागलो, हो, गिरवतो. सांगायचं एवढंच की त्या अंकाची पेन्सिल आता जगात कुठेही नाही. एकतीस वर्षांपूर्वी मी ती भुग्यासकट टेबलावरून झटकून टाकली आहे.

आणि तरी हे पुस्तक माझ्या हातात होतं. ‘विशेष पेन्सिल आवृत्ती’, गुळगुळीत कागद, शिवलेली बांधणी. काचेत दादाचा माणसाएवढा फोटो लावलेला, पांढरी दाढी, डोळ्यांत तो भाव, जो त्याने फोटोसाठी वेगळा ठेवलेला आहे. प्रस्तावनेत लिहिलं होतं की हा थोर कलावंत प्रत्येक पान दोनदा काढत असे, एक स्वतःसाठी आणि एक त्यावरून उतरवून ‘शाईच्या सहकाऱ्यांसाठी’, आणि ती पहिली पानं परवा जुन्या ट्रंकेत सापडली. शाईचे सहकारी म्हणजे मी. मी वाचून दुकानातच फिस्सकन हसलो. दादा एक पान एकदा धड पुरं करायचा नाही. छपाईच्या आदल्या दिवशी चहाचे डाग पडलेले कागद माझ्या दारात यायचे, बरोबर निरोप, तू सांभाळून घे. तर झालं असणार ते असं. त्याने छापील अंक घेतला, खालून दिवा लागणारी काच घेतली, आणि माझ्या शाईवरून पेन्सिल फिरवली. केसन् केस, नाकन् नाक. शेवटी का होईना, त्याने मला गिरवलं. आणि गिरवता गिरवता पान चौदावर पोचला आणि खांद्यावरचा पक्षीही भक्तिभावाने गिरवून टाकला, कारण तो आपलाच आहे याबद्दल त्याला काही शंकाच नव्हती.

तो पक्षी म्हणजे शाईचा डाग होता. माझ्या टाकातून पडलेला, चांगला टपोरा, उल्कावीराच्या खांद्यावर. पान दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं, डाग झाकायचा पांढरा रंग घरी राहिला होता, आणि मी जिथे बसून काम करत होतो तिथून उठता येत नव्हतं. मग मी त्या डागाला चोच काढली, पंख काढले. एवढंच. अंक बाजारात गेला आणि महिन्याभरात पत्रांचा पाऊस. पक्षी कशाचं प्रतीक आहे? पक्षी म्हणजे उल्कावीराचा मेलेला मित्र का? प्रकाशकाने दादाला विचारलं. दादा म्हणाला, वाट बघा. त्याला हे उत्तर फार आवडतं. पुढच्या अंकापासून तो पक्षी काढायला लागला. मग बिल्ले आले, मग टोप्या, मग नऊ इंची पुतळा, ज्याच्या खांद्यावरचा पक्षी लोहचुंबकाने चिकटतो आणि हरवला तर वेगळा विकत घ्यावा लागतो. घट्ट पायजम्यावर चड्डी चढवणाऱ्या एका बाप्याला त्या पक्ष्यामुळे काळीज आलं, असं कोणी तरी लिहिलं होतं. माझा डाग. मी कधी बोललो नाही. डाग पडला हे कबूल करणं म्हणजे हात हलला हे कबूल करणं, आणि माझा हात हलत नाही एवढी एकच ख्याती मला या धंद्यात होती.

गल्ल्यावरच्या मुलीने विचारलं की पुतळ्याची पेटी हवी का, पुढच्या महिन्यात येते आहे, तीनशेच आहेत, प्रत्येकीत दोन्ही चित्रकारांच्या सहीचा दाखला आहे. मी म्हटलं, पक्ष्याची गोष्ट माहीत आहे का तुम्हाला? तिचे डोळे लगेच भरल्यासारखे झाले. तिने मला माझ्या आईच्या मरणाची गोष्ट सांगितली. आई गेली त्या दुपारी दवाखान्याच्या खिडकीत एक काळा पक्षी येऊन बसला, ते, म्हणजे दादा, तिचा हात हातात घेऊन बसले होते, पक्षी उडाला आणि हात गार पडला. तिने ही गोष्ट दोनदा त्यांच्या तोंडून ऐकली होती, म्हणाली, दोन्ही वेळा सगळं सभागृह रडलं. त्या दुपारी दादा दुसऱ्या गावातल्या एका दुकानात रांग लावून आलेल्या लोकांच्या अंकांवर सह्या करत होता. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला, बूट न काढता आत आला, आणि तोवर आम्ही तिला पोचवूनही आलो होतो. मी पुस्तकाचे पैसे दिले. मुलीने ते पिशवीत घालून मागे पुठ्ठा घालायला घेतला, मी म्हटलं, राहू द्या, मी वाचणार आहे.

दाखला माझ्या टेबलाच्या खणात तीन आठवडे पडून होता. ‘मी शाई केली ती याच पेन्सिल-पानांच्या आधारे केली असे मी प्रमाणित करतो.’ खाली दादाची सही झालेली, लफ्फेदार, आणि माझ्या सहीची रेघ कोरी. माझ्या सहीवरून तीनशे छापणार होते. प्रकाशकाच्या माणसाचे तीन फोन येऊन गेले. कोणी तरी इंटरनेटवर शंका काढली होती म्हणे की शाई केलेल्या पानाची पेन्सिल उरतेच कशी, आणि ती शंका माझ्या सहीनेच मिटणार होती. खरं सांगायचं तर मी आळसाने सही केली नव्हती. वाटलं होतं, ट्रंकेत काही तरी सापडलंही असेल, मला काय त्याचं. मी हल्ली मिक्सर आणि इस्त्र्यांबरोबर येणाऱ्या सूचनापत्रकांची चित्रं काढतो. झाकण असं लावा, हात असा घालू नका. त्या कामात कोणी कोणाला थोर म्हणत नाही. बायको होती तेव्हा म्हणायची, तुम्ही भावाचा द्वेष करता तितकं मन लावून दुसरं काहीच करत नाही. मला ते तेव्हा लागलं होतं. आता घरी येऊन खणातून दाखला काढताना मला तिचं म्हणणं तंतोतंत पटलं आणि बरंही वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा दादा माझ्या तावडीत सापडला होता. माझं एक वाक्य, आणि ती तीनशे पेट्यांची दुनिया, ते सभागृहातलं रडणं, ती दाढी, सगळं भुईसपाट. मी दाखला आणि पुस्तक पिशवीत टाकलं आणि निघालो.

बसमध्ये मी वाक्य घोळवत होतो. पेन्सिलीत पक्षी नव्हता, दादा. किंवा, डाग गिरवलास तू, डाग. दुसरं जास्त बोचणारं होतं. पण डाग म्हटलं की ती खोली यायची, मी कितीही खिडकीबाहेर बघितलं तरी. दवाखान्याची खोली, हिरवट भिंती, पलंगाशेजारचं लोखंडी स्टूल, आणि माझ्या मांडीवर चित्राचा फळा. शाईची बाटली मी तिच्या औषधांच्या बाटल्यांमध्ये ठेवली होती, कारण दुसरी जागाच नव्हती. अकरा दिवस मी तिथे काम करत होतो. नर्सने आधी आरडाओरडा केला, मग तीच थांबून बघायला लागली. आईला कळत होतं की नाही कोण जाणे. तिचे डोळे दाराकडे असायचे. मी तिच्या आणि दाराच्या मध्ये बसलेलो, म्हणजे माझ्या अंगावरून, माझ्या कानाशेजारून ती दाराकडे बघायची. लहानपणापासून हे असंच. दादा शाळेतून आला की तिचा चेहरा असा उजळायचा, मी आलो की म्हणायची, हातपाय धुतलेस का. मी ते धरून ठेवलं असं कोणी म्हणेल. ठेवलंच आहे. त्या दुपारी मी खांद्याची रेघ मारत होतो, लांब, एका दमातली रेघ, आणि तिने एकदम माझी बाही धरली. अकरा दिवसांत तिने स्वतःहून पहिल्यांदा मला हात लावला होता. टाक हलला, थेंब पडला. आणि ती म्हणाली, ‘दादा आला का रे?’ एका स्टॉपवर बस इतका वेळ थांबली की मी उतरून परत जायचा विचार केला.

हे मी दादाला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, शेवटी काही बोलली का. मी म्हटलं, नाही, शुद्धच नव्हती. त्याने मान खाली घातली आणि बराच वेळ तो आपल्या बुटांकडे बघत राहिला, आणि मला आतून इतकं गार वाटलं की मी तो क्षण पुढे कितीदा तरी काढून बघितला आहे. त्याला सगळं मिळालं होतं, नाव, गर्दी, आईचे डोळे. तिचे शेवटचे शब्दही त्याचेच होते. तेवढे मी दिले नाहीत. मग त्याने खिडकीतला पक्षी रचला. त्याच्याजवळ काहीच नव्हतं म्हणून रचला, हे मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच कळलं होतं, आणि कळून मला दया आली नाही.

दार वहिनीने उघडलं. भाऊजी, तुम्ही, असं म्हणून ती क्षणभर दारातच राहिली, मग हळू आवाजात म्हणाली की त्यांचे हात फार थरथरतात हल्ली, वर्षभर त्या काचेवर बसून पानं काढली, त्याने डोळेही गेले, फार बोलायला लावू नका. म्हणजे घरातही लपवलेलं नव्हतं. मला याचाच राग आला. आत दादा खुर्चीत बसला होता. फोटोतल्यापेक्षा बराच लहान, शाल गुंडाळलेला, मागे कपाटात उल्कावीराचे पुतळे खोक्यांसकट काचेआड ओळीने उभे, एकाचाही खोका उघडल्याची खूण नाही. त्याने मला बस म्हटलं नाही, सही आणलीस का म्हणून विचारलं. मी पुस्तक काढून पान चौदा उघडलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, ही पानं तू आत्ता काढली आहेस. तो म्हणाला, हो, मग? इतक्या सहज म्हणाला की माझी बसमधली सगळी वाक्यं वाया गेली. म्हणाला, ‘माझीच चित्रं मी परत काढली, त्यात कोणाचं काय गेलं? पुसलीस ती तू. मी का पुसली?’

मी पक्ष्यावर बोट ठेवलं. म्हटलं, हा तुझ्या पेन्सिलीत नव्हता. त्याने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. मग माझ्याकडे बघून हसला, जसा लहानपणी मी हिशेबात चुकलो की हसायचा. म्हणाला, ‘अरे, पक्षी माझाच. तुला कुठून सुचणार?’ तो हे मला टोचायला म्हणाला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं. एकतीस वर्षं त्याने तो पक्षी इतक्यांदा काढला होता, इतक्यांदा सांगितला होता, की त्याच्या आठवणीत तो पेन्सिलीत बसलेला होता, सावलीसकट. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ‘तो पक्षी नव्हता, दादा. डाग होता. माझ्या टाकातून शाई सांडली आणि मी तिला चोच काढली. तू एक डाग गिरवला आहेस.’ आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो, कारण हे बघायलाच मी आलो होतो.

त्याचा चेहरा पडला, पण मला हवा होता तसा नाही. तो चकित झाला होता. म्हणाला, तुझ्या हातून? तुझ्या हातून शाई सांडली? मला वाटलं तो चिडवतो आहे. पण तो खरंच विचारात पडला होता. म्हणाला, मी सगळ्यांना सांगायचो, माझ्या भावाच्या बाजूला तोफ उडवा, रेघ हलणार नाही. हे त्याने मला कधीच सांगितलं नव्हतं. मग तो बोटांवर हळूहळू मोजायला लागला, कोणता अंक, कोणता महिना, आणि मी बघत होतो की तो कुठे चालला आहे, आणि मला त्याला थांबवता येत नव्हतं. त्याने विचारलं, हे पान तू कुठे बसून केलं होतंस? तो म्हणाला, दवाखान्यात? वहिनी चहा घेऊन येत होती, ती दारातच थबकली. ‘आईजवळ बसून केलंस ना हे?’ दादा म्हणाला. ‘मग हात कशाने हलला?’

त्याचे हात शालीवर थरथरत होते आणि तो माझ्याकडे बघत होता. आयुष्यात त्याने माझ्याकडून काही मागितल्यासारखं हे पहिल्यांदाच. म्हणाला, ‘काही बोलली होती का रे ती? मला आता खरं सांग.’ बस, एक वाक्य. त्या एका वाक्यात डागही सिद्ध होत होता, आणि तो खोटा ठरत होता, आणि मी खरा. आणि त्याच वाक्यात त्याला त्याची आई मिळत होती, जशी ती नेहमी त्याचीच होती. पण मला अडवत होतं ते तेवढंच नव्हतं. तिने दादा आला का विचारलं तेव्हा मी पानाकडे बघत होतो. पान नासलं होतं, उद्या द्यायचं होतं, आणि अकरा दिवसांनी तिने बाही धरली ती याच्यासाठी. मी मान वर न करता म्हटलं, ‘तो येणार नाही म्हणाला.’ तो तसं म्हणाला नव्हता. सकाळीच त्याचा निरोप आला होता, रात्रीची गाडी पकडतो, उद्या पोचतो, तिला सांग. तिने बाही सोडली. मी चोच काढली, पंख काढले, आणि डोळ्याचा पांढरा ठिपका राखायला मला खूप वेळ लागला, कारण शाई चहूबाजूंनी येत होती. तो नीट जमला, मला समाधान वाटलं, मी मान वर केली. आई भिंतीकडे तोंड करून गेलेली होती. केव्हा गेली, मला सांगता येणार नाही.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘काही बोलली नाही.’

‘मग डाग?’

‘डाग नव्हता. मी चिडून म्हटलं. पक्षी तुझाच होता, पेन्सिलीत होता. मी गिरवला.’

त्याचा विश्वास बसला की नाही ते मला कळलं नाही. वहिनीने चहा ठेवला. मी पिशवीतून दाखला काढला, त्याच्या मांडीवरचं पुस्तक उचलून त्यावर कागद ठेवला, आणि दादाच्या लफ्फेदार सहीखालच्या कोऱ्या रेघेवर माझी सही केली. माझा हात जराही हलला नाही. दादाने कागद डोळ्यांशी नेला, सही नीट बघितली आणि परत माझ्यापुढे धरला.

‘तारीख राहिली,’ तो म्हणाला.

मी तारीख घातली.